सोलापूर 'संपलं' म्हणणाऱ्यांना एक उत्तर

साखरपेठकर: काल इथं एकानं लिहिलं, "सोलापूर म्हणजे मोठं खेडं. गिरण्या गेल्या तेव्हाच शहर संपलं. पोरांनी हुतात्मा एक्सप्रेस धरावी अन् पुणं गाठावं." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवेना.

जुनी मिल १८७७ ची. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल. १९३० ला इंग्रजांनी मार्शल लॉ लावला तो याच कामगारांच्या शहरावर. गिरण्या बसल्या हे खरं. पण कापड थांबलं का? माग पूर्व भागात घराघरांत आले. आमच्यात खाली माग, वर आम्ही. रात्री खडखड थांबली की आई झोपेतून उठायची, धागा तुटला की लाईट गेली बघायला. चादर, टॉवेल, आता शाळेचे युनिफॉर्म. हे सगळं चालू असताना शहर मेलं म्हणता? २०१६ ला पहिल्या २० स्मार्ट सिटींत नाव आलं, सिद्धेश्वर तलावाचं सुशोभीकरण झालं. त्या पैशातलं मागाच्या शेडपर्यंत काय पोचलं ते सांगा.

होटगीरोड: ती पोस्ट माझीच. मालक, तुमचा मुलगा मागावर बसतो का? एवढंच सांगा.

बारा-बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, कानाला दडे. आपण पोरांना शिकवलं ते यातून सुटावं म्हणूनच ना? माझी मुलगी इंजिनियर झाली, आज हिंजवडीत आहे. इथं तिच्या लायकीची नोकरी नाही. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ ला पाडली तेव्हा निम्मं शहर रडलं. पण चिमणी पडली म्हणून तर २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान उडालं. ज्या गावाला विमान नाही तिथं कंपनी येत नाही.

साखरपेठकर: माझा मुलगा मागावर नाही, चाकणला आहे. आणि तेच माझं दुखणं आहे. मागावर बसणाऱ्याला माणसासारखी मजुरी मिळाली असती तर जायची वेळ आली नसती. पानिपतचा माल 'सोलापुरी' म्हणून विकला जातो अन् खरी चादर गोडाऊनला पडून राहते, याला विमान काय करणार?

बार्शीची_लेक: तुमचं सोलापूर-सोलापूर चालू द्या. बार्शीतही गिरण्या होत्या. जयशंकर मिल बंद पडली तेव्हा एवढं कुणी लिहिलं नाही.

कुमठानाका: विमान राहू द्या, आधी पाण्याचं बोला. उजनी १०० टक्के भरो नाहीतर आटो, आमच्या नळाला चार-पाच दिवसांनीच पाणी. तेही रात्री दोनला. माझ्या भावाचं जमत आलेलं लग्न पाण्यावरून मोडलं. मुलीकडच्यांनी बॅरल मोजले अन् चहा घेऊन उठले.

होटगीरोड: विषय भरकटवू नका.

कुमठानाका: भरकटवत नाही, मुद्द्यावरच आहे! ज्या गावात रोज आंघोळीचा हिशेब करावा लागतो तिथं तुमची कंपनी येईल? धरणातलं पाणी जातं कुठं? उसाला.

माढ्याचा_पाटील: थांबा. उसाला बोल लावायचा नाही. उजनीत जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांच्या, आमच्या आजोळचं अख्खं गाव पाण्याखाली आहे. तुम्ही शहरवाल्यांनी धरणापासून शंभर किलोमीटरवर पाणी न्यायचं, गळतीत घालवायचं अन् शिव्या आम्हाला?

कुमठानाका: गळती आम्ही केली का? जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने कुणी काढले?

माढ्याचा_पाटील: त्याच कारखान्यांवर जिल्हा उभा आहे. तुमच्या बाजारपेठेत दिवाळीला गिऱ्हाईक कोण असतं? ऊसवालाच. जरा जपून बोला.

विडीघरकुल: भांडण संपलं असेल तर माझं ऐका. माझी आई सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचवरून पान-तंबाखू आणते, पान भिजवते, कात्रीनं कापते अन् संध्याकाळपर्यंत हजार विड्या वळते. त्यातल्या 'छाट' म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकतात त्यांचे पैसे नाहीत. इथं सगळ्यांनी गिरणीतल्या पुरुषांचंच लिहिलं. शहर चाललं ते आमच्या बायांच्या बोटांवर. कुंभारीला घरकुलं झाली, रे नगरात २०२४ च्या जानेवारीत १५,००० घरांच्या चाव्या दिल्या, तीही याच बायांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले म्हणून. कुणी सुधारणा आणून दिली नाही.

होटगीरोड: हे मान्य करावं लागेल. घरकुलांचं काम खरोखर मोठं आहे. पण विडी हा काय भविष्याचा धंदा आहे?

विडीघरकुल: नाही. म्हणूनच आईला शिवणकामाचं मशीन घ्यायचंय, युनिफॉर्मच्या कामासाठी. कर्ज कोण देतंय?

साखरपेठकर: हाच माझा मुद्दा. आणि २०२५ च्या मे महिन्यात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आग लागली, ८ जीव गेले. मालकाचं कुटुंब अन् कामगार, दोन्ही. सगळे तिथंच राहत होते. तिथं बाहेर पडायची वाट अन् आग विझवायची सोय आधी हवी, विमान नंतर.

होटगीरोड: त्या आगीवर मी वाद घालणार नाही. शेडची सुरक्षा आधी, कबूल. तुम्हीही कबूल करा की टॉवेल निर्यात करणाऱ्याकडं परदेशी खरेदीदार यायचा तर विमान लागतं.

साखरपेठकर: लागतं. बरं, उडू द्या.

होटगीरोड: तरी माझी मुलगी परत येणार नाही.

साखरपेठकर: विचारून बघा. माझ्या भाच्याला पुण्याहून परत ये म्हटलं, त्यानं पगाराच्या आधी नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते विचारलं.