मदत हवी आहे: १९५४ ची बिकिनी चाचणी आणि जपानशी झालेली तडजोड

एमएच्या पेपरसाठी बघतेय की १ मार्च १९५४ च्या बिकिनी चाचणीनंतर (पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवरचा अमेरिकेचा हायड्रोजन बॉम्ब) अमेरिकेने जपानी लोकांचा संताप कसा हाताळला. लकी ड्रॅगन या जपानी मासेमारी बोटीवरचे किरणोत्सर्गी राख अंगावर पडलेले २३ जण, त्यातल्या कुबोयामांचा मृत्यू, बॉम्बविरोधी सह्यांची मोहीम, नेहरूंची चाचण्या थांबवायची मागणी हे सगळं झालंय वाचून, ते नको. अमेरिकन परराष्ट्र खात्याचे छापील कागदही चाळलेत, जपानमधले अमेरिकन राजदूत अॅलिसनच्या तारांसकट. अडलंय ते इथे, जपानी बंदरात गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) लावून ट्यूना मासे तपासायचे ते डिसेंबर १९५४ अखेर बंद झालं आणि लगेच ४ जानेवारी १९५५ ला अमेरिकेकडून जपानला २० लाख डॉलर भरपाई, तेही कायदेशीर जबाबदारी न घेता (पैसे घ्या नि विषय मिटवा!). जपानी येत नाही, इंग्रजी कागद चालतील. तपासणी थांबवणं हा त्याच सौद्याचा भाग होता असं दाखवणारा एखादा सरकारी कागद कुणाच्या पाहण्यात आहे का?