ट्रक हातानं ढकलायचा प्रकार बंदच करावा का?

गॅरेजकर: परवा आमच्या गॅरेजात एक रिकामा सहाचाकी शेडबाहेर काढायचा होता. हवेची गळती, त्यामुळं मागचे स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हवा गेली की आपोआप लागणारे, जाम, मग त्यांचे बोल्ट फिरवून मोकळे केले आणि आठ पोरं लावली ढकलायला. फाटकापाशी थोडा उतार आहे, डोळ्याला दिसत नाही, पाणी ओतलं की कळतो. तिथं गाडी आपली आपण निघाली, केबिनमधला ब्रेकवर उभा राहिला पण हवा नाही, बोल्ट मोकळे, लागणार काय कपाळ! फाटकाच्या खांबाला टेकून थांबली. एका पोराची चप्पल चाकाखाली गेली, पाय वेळेत निघाला म्हणून, नाहीतर... माझं मत, हे बंदच. टोइंग बार, म्हणजे दुसऱ्या गाडीनं ओढायचा दांडा, नाहीतर क्रेन.

जुना_मिस्त्री: क्रेन शेडात शिरणार कुठून? आणि भाडं कोण देणार, तू? वीस वर्षं ढकलतोय आम्ही. चूक ढकलण्याची नाही, चाकाखाली सरकवायचा ठोकळा घेऊन माणूस नव्हता ही चूक.

हिशोबी: मिस्त्री, जरा गणित बघा. सहा टनाची गाडी, १०० मीटरला ३ मीटर उतार, म्हणजे खाली ओढ १८० किलोची, चाकांचं घर्षण वजा करा तरी शंभराच्या वर उरते. मागून ढकलणारी आठ काय अठरा असली तरी थांबवणार कोण, पुढं कोणी उभं राहत नाही आणि राहूही नये. आणि ठोकळा हातानं सरकवणारा तर सगळ्यात आधी सापडतो, त्याला लांब दांडा लावा.

जुना_मिस्त्री: दांडा मान्य. पण बोल्ट फिरवायची घाई कशाला? गॅरेजच्या कॉम्प्रेसरची पाइप लावून ट्रकची हवेची टाकी भरायची, ब्रेक पण सुटतो आणि पाय दाबला की लागतो पण.

गॅरेजकर: भरली होती हो, भसाभस उतरत होती. मग आधी गळती काढायला पाहिजे होती ना, जिथं उभी आहे तिथंच, पण मालकाला जागा हवी होती.

कायदेपंडित: २०२५ पर्यंत लागू असलेला कारखाना कायदा १९४८, कलम ३४, इजा होईल इतकं जड ओझं उचलायला किंवा हलवायला लावता येत नव्हतं.

जुना_मिस्त्री: दहापेक्षा कमी माणसं असली की तो कायदा कुठं लागायचा साहेब. आठच पोरं आहेत त्याच्याकडं.

गॅरेजकर: तेच तर. मालक म्हणाला, चपलेचे पैसे पगारात देतो.