कोविडकाळातला परदेश प्रवास : आपापले अनुभव

मार्च २०२० मध्ये आपल्याकडची नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली, ती पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. मधली दोन वर्षं अडकलेल्यांना आणणारी सरकारच्या 'वंदे भारत' मोहिमेची विमानं, एअर बबल (दोन देशांनी आपसांत ठरवलेली मोजकी विमानसेवा), भारतात येण्याआधी ऑनलाइन भरायचा एअर सुविधाचा फॉर्म, ७२ तासांच्या आतली आरटीपीसीआर असं सगळं सांभाळत लोक जात-येत राहिले. एका गावात रुग्ण वाढले की दुसऱ्या देशाचं दार बंद व्हायचं. कुठे होतात, का निघालात, काय आडवं आलं, कोणी हात दिला, ते लिहा. हे विसरलं जाऊ नये असं मला फार वाटतं. सुरुवात मी करते.

मेलबर्न. जुलै २०२० मध्ये इथे दुसरी लाट आली, तीही परदेशातून आलेल्यांना ठेवलेल्या हॉटेलांतूनच पसरलेली. फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्नच्या सरकारी इमारतींमधल्या लोकांना तर एका दुपारी अचानक घराबाहेर पडायची बंदी झाली. ऑगस्टपासून आम्हाला पाच किलोमीटरची हद्द आणि रात्री आठनंतर संचारबंदी. देश सोडायला नागरिकांनाही परवानगी लागायची. तिकडे साताऱ्यात बाबा आजारी. परवानगी मिळालीही असती, पण रोज किती जणांना परत येऊ द्यायचं याचा आकडा ठरलेला, त्यामुळे लोकांची परतीची तिकिटं सारखी रद्द होत होती. लहान मुलं इथे ठेवून किती महिने अडकायचं? मी गेले नाही. बाबांचे अंत्यसंस्कार भावाने फोनवर दाखवले. पुढे मे २०२१ मध्ये भारतातून परतणाऱ्या आपल्याच नागरिकांना दंड आणि तुरुंगवासाची भीती घालण्यात आली. दोन आठवड्यांत तो नियम उठला. माझा राग अजून उतरलेला नाही.

दादर. आमचा मुलगा सप्टेंबर २०२१ मध्ये शिकायला ब्रिटनला गेला. एप्रिलमध्ये भारत त्यांच्या रेड लिस्टमध्ये गेला होता. म्हणजे उतरल्यावर दहा दिवस हॉटेलात, खर्च १७५० पौंड, आपल्या खिशातून. त्यात कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर. महापालिकेने मे अखेरीस कस्तुरबा, कूपर आणि राजावाडीत परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना थेट लस द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिला डोस मिळाला. जूनमध्ये अशा मुलांसाठी अंतर २८ दिवसांवर आणलं, म्हणून दुसराही वेळेत झाला. रांगेत एक सिस्टर प्रत्येकाला बजावत होत्या, 'सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर आला का बघ रे बाळा.' त्यांचे उपकार आहेत आमच्यावर. ऑगस्टमध्ये रेड लिस्ट सुटली, तरी भारतात घेतलेली लस ब्रिटनने ११ ऑक्टोबरपर्यंत मानली नाही. दोन्ही डोस झालेला मुलगा होस्टेलच्या खोलीत दहा दिवस बंद राहिला.

न्यू जर्सी. एप्रिल २०२१ मध्ये आई गेली म्हणून नागपूरला आलो. दिवस होईपर्यंत ४ मेचा अमेरिकेचा नियम लागू झाला : गेल्या चौदा दिवसांत भारतात असलेल्यांना प्रवेश नाही. नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना सूट होती, माझ्यासारख्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसा) वाल्यांना नव्हती. मग मेक्सिको सिटीत चौदा दिवस काढले. तिथे माझ्यासारखेच अडकलेले तेलुगू, गुजराती, पंजाबी भेटले. आईबद्दल मी पहिल्यांदा मोकळेपणाने बोललो ते वरंगळच्या एका मुलाशी, कारण त्याचे वडीलही त्याच आठवड्यात गेले होते.

रत्नागिरी. आम्हा बोटीवरच्यांचंही कोणीतरी लिहावं. करार संपला तरी बदली माणूस येईना. कुठल्याच बंदरात उतरू देत नसत. २०२० च्या शेवटी जगभरात सुमारे ४ लाख खलाशी असे अडकले होते. दाढ दुखली तरी डॉक्टर नाही, किनारा मात्र समोर दिसायचा. औषधं, धान्य, तेल सगळं बोटींनीच पोचत होतं, तरी आम्हाला लसीच्या रांगेत पुढे घ्यायला कितीतरी देशांनी उशीर केला.