मदत हवी आहे: लॅपटॉपचा आवाज कोणता ड्रायव्हर सांभाळतोय, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. अमळनेरला आमच्या वाचनालयाच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ (लिनक्स) आहे. आवाज अजिबात नाही, सेटिंगमध्ये नुसतं 'डमी आउटपुट', म्हणजे खरं साउंड डिव्हाइस सापडलेलंच नाही. टर्मिनलवर 'एलएसपीसीआय -एनएनके' (हार्डवेअर आणि त्याचे ड्रायव्हर दाखवणारी कमांड) चालवलं तर इंटेलच्या ऑडिओ डिव्हाइसखाली 'कर्नल मॉड्यूल्स'मध्ये एचडीए (जुना) आणि एसओएफ (नवा) हे आवाजाचे दोन्ही ड्रायव्हर दिसतात, पण 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नाही. साउंडकार्डांची यादी देणाऱ्या 'एप्ले -एल'लाही साउंडकार्ड सापडत नाही. म्यूट तपासलं, लाइव्ह यूएसबीवरही तेच. ब्लूटूथ स्पीकर मात्र वाजतो.

म्हाताऱ्या बायांच्या अहिराणी ओव्यांची रेकॉर्डिंग हेडफोन लावून उतरवायची आहेत, म्हणून जीव अडकलाय. फॉरमॅट करता येणार नाही, नेटही मोबाइलचंच.

दोनपैकी कोणता ड्रायव्हर डिव्हाइस घ्यायला गेला आणि कुठे अडला, हे कळायला 'डीमेसेज'मध्ये (सिस्टिमच्या नोंदींमध्ये) नेमकं काय शोधू? आणि एचडीएच वापरायला लावणारं 'डीएसपी_ड्रायव्हर=१' हे सेटिंग फक्त एका बूटपुरतं देऊन बघता येईल का?