अनुभव धागा: मुलांना स्वल्पविराम कसा शिकवलात?

अकरा वर्षं पाचवी ते सातवीला मराठी शिकवते आहे. सुरुवातीला मी सोपं करून सांगायचे, "वाचताना जिथे श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम द्या." मग एका मुलीचा निबंध हातात आला: "माझी धाकटी बहीण, रोज संध्याकाळी, मैदानावर, धावते." तिला मोठ्याने वाचायला लावलं, तर ती खरोखरच तिथे तिथे थांबत होती. चूक माझ्या शिकवण्यात होती. त्या दिवसापासून 'श्वास' हा शब्द सोडला.

आता फळ्यावर एकच वाक्य लिहिते: "ती हसत पळणाऱ्या भावाकडे बघत होती." वहीत चित्र काढा म्हणते. निम्मी मुलं बहिणीला हसवतात, निम्मी भावाला. वाद पेटला की 'हसत'नंतर स्वल्पविराम देते. भावाचं हसू खोडावंच लागतं. एवढं झाल्यावर नियम सांगितला तर तो डोक्यात राहतो, असा माझा अनुभव. तुमचे अनुभव लिहा, फसलेले प्रयोगसुद्धा.

* * *

माझा वर्ग तिसरीचा, त्यामुळे नाटकच करते. "दादा काका आले." आधी दोन मुलं दारातून आत येतात. मग 'दादा'पुढे स्वल्पविराम देते. आता दादा आतच बसलेला, त्याला हाक मारली जाते आणि काका एकटेच येतात. संबोधन हा शब्दही न वापरता संबोधन कळतं.

* * *

मी मोडी वाचायला शिकवतो. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ओळ सलग धावते आणि विरामचिन्हंही नसतात. जुन्या पत्रातली अशी एक ओळ देवनागरीत उतरवून मुलांना देतो आणि चिन्हं तुम्हीच घाला म्हणतो. दोन गटांचे अर्थ दोन निघतात. स्वल्पविराम मराठीत पहिल्यापासून होता असं मुलांना वाटत असतं. इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली, हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग त्याआधी लोकांना कळायचं कसं?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण 'अन्', 'परंतु', 'म्हणोन' अशा शब्दांकडे मुलांचं लक्ष तिथून जातं.

* * *

गणिताच्या तासाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. ३७५००० आपण ३,७५,००० असं तोडतो: उजवीकडून आधी तीन अंक, पुढे दोन-दोन. परदेशी पुस्तकात तेच ३७५,००० दिसतं. जर्मनीत तर ३,७५ म्हणजे आपलं ३.७५. पाठ करून घेण्यापेक्षा 'लाख' हा शब्द उच्चारायला लावते, स्वल्पविराम कुठे पडतो ते कानाला कळतं.

* * *

शाळेत माझ्या निबंधांवर स्वल्पविरामांभोवती लाल गोल असायचे. का चुकलं, ते कुणी सांगितलं नाही. मी घाबरून ते चिन्हच टाळू लागलो, छोटी छोटी वाक्यं लिहायचो. आज मुद्रितं तपासतो. "जो मुलगा लवकर आला, तो पुढे बसला" यात दोन वाक्यांचा सांधा कुठे आहे, हे मला या कामात समजलं, तेही तिशीनंतर. शिक्षकांना कळकळीची विनंती, गोल करा, पण शेजारी दोन शब्द लिहा.

* * *

मी अंध मुलांना शिकवते. ब्रेलमध्ये, म्हणजे बोटाने वाचायच्या सहा उठावदार ठिपक्यांच्या लिपीत, स्वल्पविराम म्हणजे फक्त दुसरा ठिपका, आणि 'अ' म्हणजे फक्त पहिला. फरक फक्त ठिपका वर की खाली एवढाच, तोही शेजारच्या अक्षराच्या आधाराने बोटाला कळणारा. नवी मुलं तो सरळ ओलांडून जातात. म्हणून तुमच्यासारखीच अर्थ बदलणारी वाक्यं जोडीने देते. एक विद्यार्थिनी चौथ्यांदा त्याच ओळीवरून बोट फिरवत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाई, इथे कुणीतरी कुणालातरी हाक मारतंय." तिला ठिपका सापडला होता.

* * *

धागाकर्ती पुन्हा: हे शेवटचं वाचून उद्या वर्गात चित्राऐवजी डोळे मिटून ऐकायला लावणार आहे. वाक्य तेच, दोनदा वाचेन. कोण हसतंय, ते मुलांनी सांगायचं.