शाळेचं गृहविज्ञान मंडळ: आठवणी नकोत, मापं लिहा (अनुभव धागा, सोलापूर)

कुठे गृहविज्ञान मंडळ, कुठे कार्यानुभवाचा गट. नाव काही असो, सोलापुरातल्या हायस्कुलांत कामं साधारण सारखीच असतात: पावसाळ्यात शिवण, दिवाळीनंतर आनंद मेळाव्याची तयारी, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) तोंडावर तिळगूळ. मंडळ नव्याने हाती घेणाऱ्या शिक्षकांसाठी हा धागा, प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव. किती मजा यायची ते सगळ्यांना माहीत आहे. किती घ्यायचं, कसं करायचं नि कुठे फसतं तेवढं लिहा.

उखळमुसळ
शेंगा चटणीपासून सुरुवात, कारण मेळाव्यात सगळ्यात आधी तीच संपते. एक किलो शेंगदाण्याला 80 ते 100 ग्रॅम लाल तिखट, 60 ग्रॅम सोललेला लसूण, 25 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम जिरं. दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर, हात न थांबवता भाजायचे. आच मोठी झाली की साल करपतं आणि दाणा आत कच्चाच राहतो. ती चटणी दुसऱ्या आठवड्यालाच खवट लागते. साल काढून, पाखडून, दाणे पूर्ण गार झाल्यावरच उखळात. आधी लसूण, जिरं, मीठ, तिखट कुटून घ्या, मग दाणे मूठमूठ टाका. चटणी मुठीत दाबल्यावर गोळा टिकला आणि बोटांना तेल लागलं, की झाली.

मिक्सर सलग फिरवला तर भांडं तापतं, तेल एकदम सुटतं आणि हाती नुसता लगदा येतो. उखळ नसेलच तर मिक्सरला एकेक सेकंदाचे झटके द्या, मधे चमच्याने खालीवर करा. लसूण धुवायचा नाही, पुसायचा. आणि कोमट चटणी पिशवीत भरायची नाही. आत वाफ धरते, पाणी सुटतं, बुरशी येते.

हिशेबवही
वरच्या मापात घट धरा. किलोभर दाणे भाजून सोलल्यावर 900 ग्रॅमच्या आसपास भरतात. बाकी जिन्नस मिळवून चटणी जेमतेम 1 किलो 80 ग्रॅम होते, त्यातली थोडी उखळाला चिकटते. म्हणजे 100 ग्रॅमची पाकिटं दहा, अकरा नव्हे. त्यातलं एक ‘चव बघू’ म्हणणाऱ्यांत जातं, तेव्हा खर्च नऊ पाकिटांवर पसरा. गॅस, पिशव्या, लेबल हेही खर्चातच. मुली हे हमखास विसरतात आणि सगळा नफाच वाटतो. मोबाईलवर आलेले पैसे त्याच संध्याकाळी वेगळ्या रकान्यात लिहा, खाली दोन मुलींच्या सह्या घ्या.

तव्यावरची
कडक भाकरी. मालदांडी ज्वारी, पीठ आठवड्याच्या आतलं. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, भाकरी थापतानाच कडेला चिरते. किलोभर पिठाला पाऊण लिटरच्या आसपास कढत पाणी लागतं. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही, कढत पाण्याने जी उकड बसते तिच्यावरच सगळी भाकरी थापली जाते. पातळ थापा, वरून तीळ दाबा. दोन्ही बाजू भाजून झाल्या की आच अगदी कमी करून कापडाच्या घडीने दाबत दाबत वाळवा. दाबली नाही तर फुगते, पापुद्रा सुटतो आणि मधे ओल राहते. गरम भाकऱ्यांची चवड रचली की खालच्या मऊ पडतात. आधी उभ्या टेकवून गार करा. किलोत वीस-बावीस होतात.

पायमशीन
जुन्या सोलापुरी चादरीच्या पिशव्या. चादर आधी धुऊन वाळवा, नाहीतर पिशवी पहिल्या धुण्यातच आटते आणि अस्तराला रंग लागतो. (मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात, सुटणारा रंग सुटतोच.) 16 बाय 18 इंचाचे दोन तुकडे, अर्धा इंच शिवण. बंदांना 22 बाय 4 इंचाच्या दोन पट्ट्या, चौपदरी दुमडून. सुई 16 नंबरची, चार पदर जिथे येतात तिथे 18. बारीक सुई वाकते, मग शटलला घासून मोडते. टाका मोठा ठेवा. कापल्याबरोबर कडा काजाच्या टाक्याने किंवा पायपिंगने बंद करा, कारण जाड विणीचे धागे भराभर निसटतात.

शिवणीखाली दोऱ्याचं जाळं झालं की मुली बॉबिनला दोष देतात. नव्वद टक्के वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांत बसलेला नसतो. कापड दाबणारा पाय वर करून दोरा पुन्हा ओवा.

तीळगूळ
अर्धा किलो तीळ, अर्धा किलो चिक्कीचा गूळ, पाव किलो दाण्याचं कूट, दोन चमचे तूप. पाकाचा थेंब पाण्यात घट्ट गोळी झाला की आच बंद. साध्या गुळाचे लाडू चिकट होतात, पाक पुढे गेला तर लाडू वळायच्या आत मिश्रण कढईतच बसतं. एका कढईला चार वळणाऱ्या हव्यात, तळव्याला तूप लावून.

गॅस-पाणी
सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून स्वयंपाकाच्या दिवशी शेगडी पेटवण्याआधी पिंप भरलेलं आहे का ते बघा. भाजलं तर वीस मिनिटं साधं पाणी ओतत राहायचं. टूथपेस्ट, हळद काही नाही. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं सताड उघडी, दिव्याच्या बटणाला हात नाही.

कसुती
भरतकामात कर्नाटकची कसुती इथल्या बऱ्याच घरांत आहे, तीच शिकवावी. गवंती, मुरगी, नेयगी, मेंथी असे चार टाके, सुरुवात गवंतीने. मॅटी कापड घ्या, धागे मोजता येतात. गाठ मारायची नाही. जाताना धावदोरा, येताना मोकळ्या जागा भरायच्या, दोन्ही बाजू सारख्या दिसतात. एक धागा मोजायला चुकला तर परतीचा टाका जुळत नाही, आणि ते कळतं गोपुराच्या नक्षीच्या टोकाशी पोचल्यावर. म्हणून दर दहा टाक्यांना कापड उलटं करून बघायला लावा.

उखळमुसळ
हिशेबवही यांना: उखळाला चिकटलेली चटणी वाया घालवू नका. त्यात दोन चमचे दही कालवा, कडक भाकरीच्या तुकड्यांबरोबर कुटणाऱ्या मुलींना द्या. तो खर्च वहीत लिहायचा नाही.