मिनी ट्रॅक्टर: फवारणी करताना गिअर कर्र करतो आणि उताराला दुसरा गिअर सुटतो, गिअरबॉक्स खोलावाच लागेल का?

निफाडकर बागायतदार:
नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे. द्राक्षबागेत वापरतो तो 24 एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, सेकंडहँड घेतलेला, गिअरबॉक्स साधा हाताचा, तीन पुढचे एक रिव्हर्स आणि हाय-लो (जलद-हळू असा दुसरा दांडा). क्लच सिंगल आहे. मागे 600 लिटरचा ब्लोअर, म्हणजे पंख्याने औषध फवारणारा पंप. गोडी छाटणी होऊन फवारण्या सुरू झाल्यात, मधेच पाऊस येतोय, डाऊनी रोगाची भीती आहेच आणि नेमकं आत्ताच याने त्रास द्यायला सुरुवात केलीय. ओळ संपली की वळायला क्लच दाबून रिव्हर्स टाकतो तेव्हा कर्रर्र असा आवाज होतो, दांडा हातात थरथरतो, दोन-तीनदा झटका दिल्यावर पडतो एकदाचा. पहिल्यालाही तेच. ब्लोअर न जोडता घरी आणताना मात्र एवढं होत नाही. आणि दुसरा वेगळाच त्रास म्हणजे लो-दोनमध्ये उताराला गिअर आपोआप न्यूट्रलला येतो, भरलेली टाकी मागे असताना ट्रॅक्टर एकदम सुटल्यासारखा होतो, पोटात गोळा येतो अक्षरशः. गावातल्या फिटरने बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला ट्रॅक्टर मधोमध खोलून गिअरबॉक्स पूर्ण काढावा लागेल. ऐन सीझनमध्ये ट्रॅक्टर उभा करून फवारणी कोणाच्या भरवशावर सोडायची? आधी काय तपासू ते सांगा.

तासगावचा द्राक्षवाला:
दादा, थांबा, आत्ता काही खोलू नका. तुम्हीच लिहिलंय की ब्लोअर नसताना होत नाही, त्यातच बरंचसं उत्तर आहे. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला पीटीओ (मागच्या अवजाराला इंजिनचा जोर देणारा शाफ्ट) बहुतेक गिअरबॉक्सच्या शाफ्टवरूनच चालतो. तुम्ही क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण ब्लोअरचा जड पंखा जोरात फिरत असतो तो लगेच थांबत नाही, तो उलटा पीटीओच्या बाजूने गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवत राहतो. आतले गिअर फिरतच असतात, आणि तुम्ही त्यांच्यात दुसरा गिअर सरकवायला बघता. मग कर्र होणारच. याच कारणाने क्लच दाबूनही ट्रॅक्टर थोडा पुढे ढकलला जातो, तसं होतं का बघा, आणि होत असेल तर बांधाच्या किंवा विहिरीच्या कडेला फार जपा.

आता एवढं करा. ओळ संपायच्या आधी ॲक्सिलरेटर कमी करा, क्लच दाबा, पीटीओचा दांडा न्यूट्रलला घ्या किंवा ब्लोअरच्या स्वतःच्या गिअरबॉक्सला न्यूट्रल असेल तर तो घ्या, ट्रॅक्टर पूर्ण थांबू द्या आणि मगच रिव्हर्स. आवाज गेला तर गिअरबॉक्सचा तेवढा दोष नाही. पीटीओ शाफ्टवर बसवायची ओव्हररनिंग कपलिंग मिळते, तिने इंजिनकडून ब्लोअरकडे जोर जातो पण उलटा येत नाही. आमच्याकडे बऱ्याच जणांनी बसवलीय. बसवताना शाफ्टची लांबी वाढते ती नीट मोजा, नाहीतर वळताना शाफ्ट दबून बेअरिंगवर ताण येतो.

फिटर, पलूस:
वरच्या भावांचं बरोबर आहे, पण क्लच सोडू नका तपासायचा. सोपी परीक्षा सांगतो. ट्रॅक्टर सपाट जागेवर, पीटीओ बंद, इंजिन बंद. आता सगळे गिअर एकेक टाकून बघा, अडला तर ट्रॅक्टर हाताने जरासा पुढेमागे हलवा. गुपचूप पडतात का? मग इंजिन चालू करा, क्लच पूर्ण दाबून थोडं थांबा आणि रिव्हर्स टाका. बंद असताना छान पडतो आणि चालू असताना कर्र करतो, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलचा मोकळा प्ले बघा, म्हणजे जोर लागायच्या आधी पेडल किती रिकामं दबतं ते, बऱ्याच ट्रॅक्टरना तो 20 ते 30 मिमी असतो, तुमच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा दिलाय तोच धरा. प्ले जास्त झाला की पेडल तळाला गेलं तरी प्लेट फ्लायव्हीलला घासत राहते, आणि प्ले अजिबात नसला की उलटं, क्लच सरकतो, प्लेट जळते, रिलीज बेअरिंग जातं. क्लचच्या रॉडचा लॉकनट ढिला करून रॉड फिरवायचा, घरी होतं ते काम, पाना तेवढा पाहिजे.

आता गिअर सुटण्याचं. हा त्रास वेगळा आहे आणि हा खरा गिअरबॉक्समधला आहे. पण त्यातही आधी वरचं. दांड्याच्या खाली टॉप कव्हरमध्ये प्रत्येक शिफ्टर रॉडला (गिअर सरकवणाऱ्या दांडीला) स्प्रिंग आणि गोळी असते, ती खाचेत बसून गिअर धरून ठेवते. स्प्रिंग मरगळली किंवा तुटली, गोळीची खाच झिजली की गिअर सुटतो. स्प्रिंग-गोळी स्वस्त आहे आणि बऱ्याच मॉडेलमध्ये वरूनच बदलता येते, ट्रॅक्टर मधून खोलायची गरज नसते. त्याने नाही भागलं तर शिफ्टर फोर्क (गिअर सरकवणारा काटा) झिजलाय, किंवा गिअरच्या दातांची तोंडं गोल झालीत, किंवा शाफ्टच्या बेअरिंगला प्ले आलाय. तेव्हा मात्र पूर्ण खोलणं आलंच. आणि एक कळकळीने सांगतो, काही लोक सुटणारा दांडा ट्यूबच्या रबराने बांधून ठेवतात किंवा गुडघ्याने दाबून चालवतात. असं करू नका. फोर्क सतत गिअरच्या खाचेवर दाबला जातो आणि चांगला फोर्क पण खलास होतो. उताराला तर लो-एकमध्येच उतरा, भरलेली टाकी घेऊन चालता चालता गिअर बदलायचा नाही, न्यूट्रलला ट्रॅक्टर सुटला तर नुसत्या ब्रेकवर सावरणं अवघड जातं.

नारायणगावची ताई:
कोणी ऑइलचं विचारलंच नाही अजून. दादा, डिपस्टिक काढून रंग बघा आधी. दुधी, चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. आमच्याकडे प्रेशरने ट्रॅक्टर धुताना गिअर दांड्याच्या रबरी बुटातून पाणी गेलं होतं, बूट वरून बरा दिसत होता पण घडीत चिरलेला. ब्रिदर (गिअरबॉक्सची हवा जायची छोटी वाट) चिखलाने बंद झाला की आत दाब होतो आणि ऑइल सीलातून गळायला लागतं, तोही साफ करा. ऑइल गरम असताना काढा म्हणजे गाळ सोबत येतो, ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय बघा. बारीक काळसर लेप म्हणजे नेहमीची झीज, पण कपच्या किंवा दाताचे तुकडे निघाले तर ट्रॅक्टर बागेत घालूच नका.

आणि ऑइल कुठलं टाकताय? मिनी ट्रॅक्टरमध्ये बरेचदा गिअरबॉक्स, हायड्रोलिक आणि ऑइल ब्रेक सगळं एकाच ऑइलवर असतं. अशा ट्रॅक्टरला यूटीटीओ, म्हणजे या तिन्हीला चालणारं एकच ऑइल लागतं, दुकानदार स्वस्तातलं 90 नंबर गिअर ऑइल देतो ते टाकलं की थंडीत लिफ्ट हळू उचलते आणि ब्रेक आवाज करतात. ज्यांचे ब्रेक कोरडे आणि हायड्रोलिक वेगळं त्यांना गिअर ऑइल चालतं, पण मॅन्युअल बघूनच. ऑइल बदललं की हायड्रोलिकची जाळी पण काढून धुवा, ती विसरली जाते.

निफाडकर बागायतदार:
सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे बघितलं. पीटीओ बंद केल्यावर आवाज बराच कमी झाला पण पूर्ण गेला नव्हता, मग पेडलचा प्ले मोजला तर जवळजवळ 50 मिमी निघाला, मॅन्युअलप्रमाणे 25 ला आणला आणि आता रिव्हर्स शांत पडतो. ब्लोअर चालू असताना टोकाला पीटीओ काढूनच वळतोय, वेळ जातो थोडा पण चालेल, कपलिंग सांगून ठेवलीय. ऑइल किंचित दुधी आहे, नवीन बूट आणि यूटीटीओ आणतोय. चुंबकाला फक्त बारीक लेप होता. लो-दोन मात्र अजून सुटतो, म्हणजे आता टॉप कव्हर उघडायचंच. ते करताना काय जपू?

फिटर, पलूस:
चुंबक स्वच्छ आहे ही चांगली खूण आहे. कव्हरच्या भोवती आधी डिझेल आणि ब्रशने साफ करा, पाण्याने नाही, नाहीतर माती सरळ आत पडेल. गिअर न्यूट्रलला, हाय-लो पण न्यूट्रलला, चाकांना दगड लावा. कव्हर सरळ वर उचला. तुमच्यात गोळ्या कव्हर आणि रॉडच्या मधे असतील तर उडतात, म्हणून हाताखाली फडकं धरा, एखादी गोळी आत गिअरवर पडली तर ती काढल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. स्प्रिंगा एकमेकींशेजारी उभ्या करून उंची बघा, लो-दोनच्या रॉडची बुटकी निघाली तर सगळ्याच बदला. कव्हर उघडं आहे तोवर फोर्क बोटाने हलवून बघा, खाचेत जास्त खुळखुळत असेल तर फोटो टाका. पॅकिंग नवीनच घाला, आणि नवीन ऑइल कव्हर बसवल्यावर भरा.